लेसोथो : देश, लोक आणि खाणमजुरांचे काव्य

आफ्रिका खंडातील भूवेष्टित देशांमध्ये लेसोथोचे स्थान काहीसे वेगळे आहे. इतर भूवेष्टित देशांना दोन, तीन किंवा अधिक शेजारी असतात. लेसोथोला एकच शेजारी आहे. चारही दिशांना दक्षिण आफ्रिका आणि मध्ये सुमारे ३०,३५५ चौरस किलोमीटरचा हा डोंगराळ देश. २०१६ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या वीस लाखांच्या किंचित वर होती. भूगोलाच्या पुस्तकांत त्याचे वर्णन बहुधा एका ठरावीक क्रमाने येते : देश डोंगराळ आहे, शेतीयोग्य जमीन थोडी आहे, समुद्र नाही, खनिजे फारशी नाहीत, म्हणून येथील पुरुष शेजारच्या देशातील खाणींत मजुरीला जातात.

या वर्णनातील प्रत्येक विधान सुटे घेतले तर बरोबर आहे. अडचण आहे ती 'म्हणून' या शब्दाची. लेसोथोच्या दारिद्र्याचे कारण त्याच्या निसर्गात शोधले, की त्याची सरहद्द कोणी व केव्हा आखली, तेथील धान्याची बाजारपेठ कशी बुडाली आणि मजुरीच्या अटी कोणी ठरवल्या, हे प्रश्न आपोआप बाजूला पडतात. विशेष हे, की ज्या काळात विकाससंस्थांचे अहवाल हा 'म्हणून' गृहीत धरून लिहिले जात होते, त्याच काळात स्वतः खाणमजूर आपल्या दीर्घ मौखिक काव्यांतून या परिस्थितीचे अधिक नेमके वर्णन करीत होते. त्या काव्याचा अर्थ लावण्यासाठी देशाचा भूगोल व अर्थव्यवहार जाणून घ्यावा लागतो. आणि त्या अर्थव्यवहाराचे पुरते आकलन होण्यास ते काव्यही उपयोगी पडते.

१. भूमी, लोक आणि भाषा

ज्याची संपूर्ण भूमी समुद्रसपाटीपासून एक हजार मीटरहून उंच आहे असा लेसोथो हा जगातील एकमेव स्वतंत्र देश होय. त्याचा सर्वांत सखल भागही सुमारे १,४०० मीटर उंचीवर आहे, तर थाबाना न्त्लेन्याना हे सर्वोच्च शिखर ३,४८२ मीटर उंच आहे. देशाच्या पश्चिमेला मोहोकारे नदीच्या काठाने सखल प्रदेशाची एक अरुंद पट्टी जाते. राजधानी मासेरू, बहुतेक शहरे, बहुतेक शेते आणि लोकसंख्येचा मोठा भाग याच पट्टीत आहे. तिच्या पूर्वेला पायथ्याच्या टेकड्या आणि त्यापलीकडे मालोती पर्वताच्या रांगा आहेत. याच पर्वतात सेंकू नदी उगम पावते. दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर तिलाच ऑरेंज म्हणतात. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते एप्रिल या काळात पडतो. जून-जुलैमध्ये डोंगरांवर बर्फ साठते. उन्हाळ्यात गुरे, मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या उंच कुरणांवर नेण्याची रीत आहे. तेथील दगडी झोपड्यांत कांबळे पांघरून महिनोन्महिने राहणारी गुराखी मुले हे या देशाचे परिचित दृश्य आहे. त्याचा एक परिणाम साक्षरतेत दिसतो. मुलगे गुरांमागे जात आणि मुली शाळेत. त्यामुळे स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण पुरुषांहून अधिक असलेल्या थोड्या देशांत लेसोथोची गणना होते.

देशाचे, लोकांचे आणि भाषेचे नाव एकाच धातूपासून, केवळ उपसर्ग बदलून तयार होते. लेसोथो हा देश, मोसोथो ही एक व्यक्ती, बासोथो हा लोकसमूह आणि सेसोथो ही भाषा. बांटू भाषांच्या व्याकरणातील नामवर्गांची पद्धत येथे स्पष्ट दिसते. सेसोथोबरोबर देशाच्या काही भागांत खोसा व सेफूथी याही भाषा बोलल्या जातात. सेसोथो मातृभाषा असलेले लोक मात्र लेसोथोपेक्षा दक्षिण आफ्रिकेत अधिक, म्हणजे दुपटीच्या आसपास, आहेत. एकच भाषा सरहद्दीच्या दोन बाजूंना दोन लेखनपद्धतींनी लिहिली जाते. लेसोथोत फ्रेंच मिशनऱ्यांनी घालून दिलेली जुनी पद्धत टिकून आहे. दक्षिण आफ्रिकेत ती विसाव्या शतकात बदलली. 'दि' हा उच्चार लेसोथोत रोमन लिपीतील 'एल' या अक्षराने लिहितात, तर पलीकडे 'डी' या अक्षराने. कोकणी किंवा सिंधी या भाषांच्या अनेक लिपींतील वाङ्मयाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला अशा भेदाचे परिणाम सांगण्याची गरज नाही : पाठ्यपुस्तके निराळी होतात, प्रकाशने निराळी होतात आणि एका भाषेचा वाचकवर्ग विभागला जातो. प्रस्तुत लेखात सेसोथो शब्द उच्चारानुसार दिले आहेत.

२. सरहद्दीचा इतिहास

बासोथो हे राष्ट्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घडले. दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागात तेव्हा युद्धे, दुष्काळ व स्थलांतरे यांचा मोठा उत्पात माजला होता. सेसोथोत त्याला 'दिफाकाने' म्हणतात. या धामधुमीत विखुरलेल्या अनेक कुळांना मोश्वेश्वे (सुमारे १७८६-१८७०) या सरदाराने आश्रय दिला. १८२४ मध्ये त्याने थाबा बोसिऊ या सपाट माथ्याच्या दुर्गम डोंगरावर आपले ठाणे वसवले. परंपरा सांगते, की तेथे जाताना वाटेत त्याच्या आजोबांना नरभक्षकांनी पकडून खाल्ले. ते नरभक्षक पुढे त्याच्या हाती लागले, तेव्हा 'माझ्या आजोबांची कबर यांच्याच पोटात आहे, ती विटाळणे योग्य नाही', असा विचार करून त्याने त्यांना जीवदान दिले आणि वसण्यास जागा दिली. ही कथा राजाच्या क्षमाशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. नरभक्षकाची ती प्रतिमा मात्र पुढे खाणमजुरांच्या काव्यात अगदी निराळ्या अर्थाने परत येते.

१८३३ मध्ये मोश्वेश्वेच्या निमंत्रणावरून पॅरिसच्या प्रॉटेस्टंट मिशनचे यूजेन कासालिस, तोमा आर्बूसे व कॉन्स्तां गोसलँ हे तिघे आले. मिशनरी हे धर्मोपदेशक होतेच, पण राजाच्या दृष्टीने ते गोऱ्यांच्या जगाशी पत्रव्यवहार करणारे मध्यस्थही होते. ही गरज लवकरच तीव्र झाली. मोहोकारेच्या पश्चिमेकडील सुपीक मैदानात बोअर शेतकऱ्यांनी ऑरेंज फ्री स्टेट हे आपले राज्य स्थापले आणि १८५८ पासून १८६८ पर्यंत बासोथोंशी त्यांची युद्धे झाली. अखेरच्या युद्धात पीक आणि गुरे यांची इतकी हानी झाली, की मोश्वेश्वेने ब्रिटिशांचे संरक्षण मागितले. १२ मार्च १८६८ रोजी बासुटोलँड या नावाने हा देश ब्रिटिश संरक्षणाखाली आला. पुढच्याच वर्षी ॲलिवाल नॉर्थच्या तहाने मोहोकारे ही पश्चिम सरहद्द ठरली आणि नदीपलीकडची उत्तम शेतजमीन बासोथोंच्या हातून कायमची गेली.

आज देशाच्या क्षेत्रफळाचा दहावा हिस्साही धड लागवडीखाली नाही, असे सांगितले जाते तेव्हा हा तह लक्षात ठेवला पाहिजे. बासोथोंनी डोंगर निवडले नाहीत. मैदान गेल्यावर डोंगर उरले. तरीही स्वतंत्र राष्ट्र म्हणून त्यांचे अस्तित्व टिकले, ही त्या संरक्षणाची दुसरी बाजू. १८७१ मध्ये केप वसाहतीला जोडल्यानंतर शस्त्रे जमा करण्याच्या हुकमाविरुद्ध १८८०-८१ मध्ये बासोथोंनी यशस्वी लढा दिला आणि १८८४ मध्ये त्यांचा प्रदेश पुन्हा थेट ब्रिटिश राजसत्तेखाली गेला. त्यामुळे १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले तेव्हा तो त्यात विलीन झाला नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी लेसोथो स्वतंत्र झाला.

३. धान्याच्या कोठारापासून मजुरांच्या छावणीपर्यंत

लेसोथोच्या अर्थव्यवस्थेविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की तो एके काळी धान्य निर्यात करीत होता. १८६७ नंतर किंबर्ली येथे हिऱ्यांच्या खाणी निघाल्या, तेव्हा तेथील वस्तीला गहू, मका व ज्वारी पुरवणाऱ्यांत बासोथो शेतकरी पुढे होते. नांगर आणि बैलगाड्या त्यांनी तत्परतेने स्वीकारल्या. पण रेल्वेमार्ग अंतर्भागात पोहोचले आणि परदेशी धान्य स्वस्तात येऊ लागले. शेजारच्या राज्यांनी जकाती बसवल्या. १८९६-९७ मध्ये बुळकांड्या रोगाने गुरे मेली. झोपडीपट्टी रोख पैशात भरावी लागे. कमी झालेल्या जमिनीवर लोकसंख्या वाढत गेली. नांगरट उतारांवर चढली आणि मातीची धूप होऊन ठिकठिकाणी खोल घळी पडल्या. १९३२-३३ च्या दुष्काळानंतर धान्य निर्यात करणारा देश धान्य आयात करणारा झाला, तो कायमचा.

याच काळात विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींना स्वस्त मजुरांची अखंड गरज होती. मजुराने ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर एकट्याने यावे, पुरुषांच्या वसतिगृहात राहावे, मुदत संपली की परत जावे आणि पुन्हा भरती व्हावे, अशी ही पद्धत होती. त्याची बायकामुले, म्हातारपण आणि आजारपण यांचा भार डोंगरातील गावावर पडे. १९६३ नंतर सरहद्दीवर पारपत्रे सक्तीची झाली, तेव्हा पलीकडे जाऊन कामधंदा करणाऱ्या स्त्रियांची वाट बरीचशी बंद झाली. १९७० च्या दशकातील पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या सरासरी उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के वाटा दक्षिण आफ्रिकेतील मजुरीचा होता आणि स्वतःच्या शेतातील पिकांचा वाटा जेमतेम ६ टक्के होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे सव्वा लाख बासोथो पुरुष खाणींत होते.

या पार्श्वभूमीवर जागतिक बँकेच्या १९७५ च्या अहवालाकडे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. स्वातंत्र्याच्या वेळी लेसोथो हा आधुनिक अर्थव्यवहाराचा जवळजवळ स्पर्शही न झालेला पारंपरिक शेतकरी समाज होता, अशा आशयाचे चित्र त्यात रंगवले होते. जेम्स फर्ग्युसन या मानवशास्त्रज्ञाने १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या चित्राची सविस्तर चिकित्सा केली. थाबा-त्सेका या डोंगराळ जिल्ह्यात १९७५ ते १९८४ या काळात परदेशी साहाय्याने एक विकासयोजना राबवली गेली. लोक गुरे विकत नाहीत याचे कारण त्यांचे अज्ञान असावे, असे गृहीत धरून तिच्यात सुधारित पशुपालन आणि कुंपणाची कुरणे यांवर भर दिला होता. फर्ग्युसन यांनी दाखवले, की गुरे न विकण्यामागे पक्का हिशेब होता. खाणीतील मजुराने पाठवलेला पैसा घरात आला की तो रोजच्या खर्चात विरघळतो आणि त्यावर अनेकांचा हक्क पोचतो. तोच गुरांत गुंतवला की तो पुरुषाच्या अखत्यारीत राहतो, कन्याशुल्काला उपयोगी पडतो आणि खाणीतून सुटल्यावर म्हातारपणाची पुंजी होतो. गुरे ही निवृत्त मजुराची ठेव होती. तिला शेतीव्यवसाय समजून योजना आखली गेली आणि ती फसली.

४. छापखाना आणि कादंबरी

लेसोथोतील लिखित वाङ्मयाचे केंद्र मोरिजा हे मिशनचे गाव. ॲडॉल्फ माबीय या मिशनऱ्याने १८६३ मध्ये येथून 'लेसेदिन्याना ला लेसोथो' हे नियतकालिक सुरू केले. आफ्रिकी भाषांतील सर्वांत जुन्या वृत्तपत्रांत त्याची गणना होते. आझारिएले सेकेसे यांनी बासोथोंच्या चालीरीती व म्हणी यांचा संग्रह १८९३ मध्ये प्रसिद्ध केला, आणि झेड. डी. मांगोएला यांनी सरदारांची स्तुतिकाव्ये १९२१ मध्ये संकलित केली. ही स्तुतिकाव्ये म्हणजे 'दिथोको'. युद्धातील पराक्रम, वंश आणि उपमांची भरगच्च विशेषणे यांनी ती रचलेली असतात. डॅनियल कुनेने यांचा १९७१ मधील अभ्यास आणि दामाने व सँडर्स यांचे १९७४ मधील संपादन यांमुळे ती जागतिक अभ्यासविश्वात पोचली.

थॉमस मोफोलो (१८७६-१९४८) हा याच छापखान्यात घडलेला लेखक. त्याची 'मोएती वा बोचाबेला' ही कादंबरी १९०७ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. सेसोथोतील ती पहिली कादंबरी मानली जाते. झुलू राजा शाका याच्यावरील 'चाका' त्याने १९१० च्या सुमारास लिहून पूर्ण केली, पण मिशनच्या शंकाकुशंकांमुळे ती १९२५ पर्यंत छापली गेली नाही. भविष्यकथन आणि मांत्रिकाचे सामर्थ्य यांचे तिच्यातील चित्रण धर्मोपदेशकांना अडचणीचे वाटले. मोफोलोचे पुढील आयुष्य या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. त्याने लेखन जवळजवळ सोडले, खाणींसाठी मजूर भरती करणारा मध्यस्थ म्हणून काम केले, दुकान चालवले आणि पुढे दक्षिण आफ्रिकेत शेत विकत घेतले. पण कृष्णवर्णीयांच्या जमीनमालकीवर निर्बंध घालणाऱ्या १९१३ च्या कायद्याखाली ते त्याच्या हातून गेले. आफ्रिकी कादंबरीच्या या आद्य लेखकाला सरहद्दीच्या दोन्ही बाजूंचा अनुभव असा आला.

५. वाट तुडवणाऱ्यांची गाणी

छापखान्यापासून दूर, खाणींच्या वसतिगृहांत, आगगाडीच्या डब्यांत आणि सरहद्दीजवळच्या दारूच्या गुत्त्यांत एक दुसरे वाङ्मय वाढले. त्याचे नाव 'दिफेला त्सा दित्सामाया-नाहा', म्हणजे 'देशाची वाट तुडवणाऱ्यांची गाणी'. एकवचन 'सेफेला'. ख्रिस्ती स्तोत्रालाही सेसोथोत सेफेलाच म्हणतात, हे लक्षणीय आहे. एकटा गायक अर्धगेय लयीत दीर्घकाळ हे काव्य सादर करतो; त्याच्या स्पर्धा लागतात आणि जिंकणाऱ्याला 'खेलेके', म्हणजे वाक्पटु, असा मान मिळतो. काव्याची ठरलेली संहिता नसते. गायकाजवळ स्वतःची पदे, सर्वांच्या मालकीची सूत्रे आणि इतरांकडून घेतलेल्या ओळी यांचा साठा असतो. प्रसंग पाहून तो त्यांची नवी गुंफण करतो.

या रचनेत दिथोकोचे विशेषणांचे भांडार आहे, दीक्षाविधीत तरुणांनी स्वतःवर रचायच्या स्तुतीची पद्धत आहे आणि स्तोत्रांची छायाही आहे. परंतु स्तुतीचा विषय बदलला आहे. दिथोकोत सरदाराचा गौरव असतो. सेफेलात नावगाव नसलेला मजूर स्वतःचा गौरव करतो. वसतिगृहाच्या नोंदवहीत ज्याला एक क्रमांक आहे, तो येथे स्वतःचे कुळ, गाव, डोंगर आणि सरदार यांची नावे सांगून मी कोण हे जाहीर करतो. मोहोकारे ओलांडणे, वाटेतली स्थानके, गाडीचा आवाज, भुयारात उतरणे, दरड कोसळून मेलेले सोबती, घरी वाट पाहणारी किंवा वाट पाहणे सोडलेली बायको, हे या काव्याचे नेहमीचे विषय. खाण माणसे खाणारी आहे, ही प्रतिमा त्यात वारंवार येते. दिफाकानेच्या काळातील नरभक्षक येथे भूमीखाली जातो. डेव्हिड कोप्लन यांनी १९९४ मध्ये या काव्यावर लिहिलेल्या ग्रंथाच्या नावातच 'नरभक्षकांचा काळ' आहे, तो या दुहेरी संदर्भामुळे.

अहवालात आणि काव्यात मूळ फरक असा, की अहवालाची नजर सरहद्दीपाशी थांबते. त्याला देश हे एकक दिसते आणि त्या एककात जे नाही ते 'अभाव' म्हणून नोंदले जाते. सेफेलात गाव आणि खाण हे एकाच जीवनाचे दोन टोक आहेत. काव्याची रचनाच त्या दोहोंमधील प्रवासावर उभी असते. फर्ग्युसन यांना जे विश्लेषण करून सिद्ध करावे लागले, ते या गायकांच्या दृष्टीने काव्याचे गृहीतक होते. अर्थात काव्य म्हणजे जबानी नव्हे. स्वतःची फुशारकी हा त्याचा धर्म आहे, स्त्रियांविषयीची त्याची दृष्टी पुरुषांची आहे, आणि ७० टक्के व ६ टक्के हे प्रमाण त्यातून कळणार नाही. ॲकॉर्डिअनच्या साथीने गुत्त्यांत वाढलेल्या 'फामो' संगीतात स्त्रियांनी स्वतः गाऊन ही बाजू काही अंशी भरून काढली. सोडून गेलेले नवरे आणि स्वतःची भटकंती यांविषयी त्या तितक्याच बेधडकपणे गाऊ लागल्या.

६. खाणींनंतर

१९९० नंतर सोन्याच्या खाणींतील मजूरकपातीमुळे पुढील दीड दशकात बासोथो मजुरांची संख्या निम्म्याहूनही खाली आली. परतलेल्यांपैकी अनेकांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ होती. अशा आजारी मजुरांच्या भरपाईची तडजोड दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केली. तिचा लाभ बासोथो मजुरांनाही लागू होतो. देशात प्रौढांमधील एच.आय.व्ही. बाधेचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे, आणि कुटुंबे दुभंगणाऱ्या या मजुरीचा त्याच्याशी असलेला संबंध अभ्यासकांनी दाखवला आहे.

मजुरीची जागा अंशतः दोन गोष्टींनी घेतली. एक पाणी. जानेवारी १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेने सरहद्दीची नाकेबंदी केली, त्याच महिन्यात लेसोथोत लष्करी सत्तांतर झाले आणि २४ ऑक्टोबरला उच्चभूमी जलप्रकल्पाच्या करारावर सह्या झाल्या. १८५ मीटर उंचीच्या कात्से धरणाचे पाणी बोगद्यांतून वाल नदीच्या खोऱ्याकडे, म्हणजे त्याच खाणी-कारखान्यांच्या प्रदेशाकडे, जाते. पोलिहाली येथे पुढील टप्प्यातील धरणाचे काम चालू आहे. लेसोथोला त्याचे स्वामित्वशुल्क मिळते. धरणाखाली शेते व कुरणे गेली ती डोंगरातील गावांची. दुसरी गोष्ट कापड. २००० मधील अमेरिकी व्यापारसवलतींच्या कायद्यानंतर मासेरू व मापुत्सोए येथील तयार कपड्यांचे कारखाने वाढले. त्यांतील कामगार बहुतांशी स्त्रिया आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने लेसोथोच्या मालावर ५० टक्के जकात जाहीर केली. ऑगस्टमध्ये ती १५ टक्क्यांवर आली, पण मधल्या अनिश्चिततेत मागण्या रद्द झाल्या आणि कामगार घरी बसले. चलनही रँडशी समतुल्य बांधलेले आहे. त्या चलनाचे नाव 'लोती', अनेकवचन 'मालोती'. पर्वताचेच नाव पैशाला दिलेले आहे.

काव्याची स्थितीही बदलली आहे. खाणीची वाटच आटली, तेव्हा त्या वाटेचे गायक थोडे राहिले. फामोचे ध्वनिमुद्रण व विक्री वाढली, आणि तिच्याबरोबर गायकगटांतील वैरेही वाढली. हत्यासत्रामुळे २०२४ मध्ये शासनाने काही फामो गटांवर बंदी घातली. कारखान्यांतील स्त्रियांच्या जीवनातून सेफेलासारखा एखादा काव्यप्रकार आकार घेईल काय, हे अद्याप सांगता येत नाही.

मौखिक वाङ्मयाची विभागणी 'लोकसाहित्य' या सदरात करून ते कालातीत परंपरेचे अवशेष मानण्याची सवय भारतीय भाषांच्या अभ्यासातही आहे. सेफेला हा प्रकार रेल्वे, कंत्राट आणि पारपत्र यांच्याबरोबर वाढला. तो छापील कादंबरीइतकाच आधुनिक आहे. मोफोलोची कादंबरी आणि नावनिशी न राहिलेल्या मजुराचे सेफेला ही एकाच इतिहासाची दोन वाङ्मयरूपे आहेत. त्यांपैकी एक ग्रंथालयात सुरक्षित आहे. दुसरे गायकाबरोबर संपते, आणि संकलनाचे काम झाले तितकेच मागे राहते. लेसोथोच्या साहित्याचा अभ्यास करताना या दुसऱ्या रूपाला पहिल्याइतकाच वेळ देणे, ही म्हणूनच सर्वांत तातडीची गरज आहे.